केवणीच्या वाखाचा पट्टा : रानातल्या सालीपासून विणलेल्या कापडापर्यंत

बाळगुटीत उगाळली जाणारी पीळदार मुरुडशेंग बहुतेक घरांत माहीत असते. मात्र ती ज्या झुडपाला लागते त्या केवणीच्या सालीतून चिवट, लांब वाख निघतो, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. वनस्पतिशास्त्रात हेलिक्टेरिस आयसोरा या नावाने ओळखले जाणारे हे झुडूप सह्याद्रीच्या उतारांपासून विदर्भातील पानझडी जंगलांपर्यंत सर्वत्र उगवते, आणि त्याच्या वाखाचे दोर वळण्याची रीत जुनी आहे. दोराच्या पुढे जाऊन या वाखाचे बारीक सूत काढून त्याचा विणलेला पट्टा कसा तयार करावा, हे येथे सविस्तर सांगितले आहे. पट्टा सुमारे ७ सेंटीमीटर रुंद आणि सव्वा मीटर लांब होईल. झोळीचा बंद, कमरपट्टा किंवा ओझे बांधण्याची पट्टी म्हणून तो अनेक वर्षे टिकतो.

यासाठी लागणारी साधने अगदी मोजकी आहेत : कोयता, एक मोठे भांडे, लाकडी मोगरी, खापरीची चकती बसवलेली टकळी, बांबूच्या काही काठ्या आणि एक जड लाकडी पट्टी. माग पाहिल्यावर नवशिक्याचे सारे लक्ष विणण्याकडे लागते. प्रत्यक्षात कष्टांचा मोठा वाटा सालीवर आणि सुतावर खर्च होतो, आणि पट्ट्याचा कस तिथेच ठरतो. सूत एकसारखे असेल तर ओबडधोबड मागावरही चांगले कापड उतरते. सूत गाठाळ असेल तर उत्तम मागाचाही काही उपयोग होत नाही.

वनस्पतींच्या धाग्याशी आपल्या भागाचे नाते जुने आहे. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात तांब्याच्या मण्यांत ओवलेला जवसाच्या तंतूंचा दोरा मिळाला. जवस हे लागवडीचे पीक आणि केवण हे रानझुडूप. परंतु खोडातील चिवट तंतू मोकळे करून त्यांना पीळ देण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. रानझुडपाच्या सालीपासून प्रत्यक्ष वस्त्र विणण्याचे जवळचे उदाहरण ओडिशातील कोरापुट भागात सापडते. तेथील गदबा या आदिवासी जमातीतील स्त्रिया ‘केरंग’ या झुडपाच्या सालीचे सूत काढून पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे विणत असत.

फांद्यांची निवड आणि तोड

केवण ओळखणे सोपे आहे. पान रुंद, कडेला दातेरी आणि हाताला खरखरीत असते. फूल विटकरी लाल रंगाचे उमलते आणि जुने होताना निळसर राखी पडते. शेंग पाच पदरांची, स्क्रूसारखी वळलेली असते. वाखासाठी मात्र फुललेली किंवा शेंगांनी लगडलेली फांदी घेऊ नये. एक तर शेंगा गोळा करून विकणाऱ्यांचे त्यात नुकसान होते, आणि दुसरे म्हणजे अशा जुन्या फांद्यांचा तंतू राठ व ठिसूळ निघतो. मागील वर्षी तोडलेल्या बुंध्यातून फुटलेले, साधारण वर्ष-दीड वर्षाचे, अंगठ्याएवढ्या जाडीचे आणि दीड मीटरपर्यंत सरळ वाढलेले धुमारे सर्वांत चांगले. त्यांना मध्ये फाटे नसावेत, कारण प्रत्येक फाट्याच्या ठिकाणी साल तुटते आणि तंतूची लांबी तेवढी कमी होते.

तोडीचा योग्य काळ आषाढापासून आश्विनापर्यंतचा. या दिवसांत खोडात रस वाहत असतो आणि साल लाकडापासून सहज सुटते. उन्हाळ्यात तीच साल लाकडाला घट्ट चिकटून बसते आणि सोलताना तिचे तुकडे पडतात. एका पट्ट्यासाठी पन्नासेक धुमारे पुरतात. एका झुडपाचे एक तृतीयांशाहून अधिक धुमारे कधीही तोडू नयेत, आणि घाव जमिनीलगत, तिरका व एका फटक्यात बसेल असा घालावा, म्हणजे बुंध्यात पाणी मुरत नाही आणि नवे फुटवे जोमाने येतात. अशा तोडीने केवण मरत नाही, उलट पुढच्या वर्षी अधिक सरळ धुमारे देते.

जंगलातून काहीही तोडण्यापूर्वी ते जंगल कोणाचे हे विचारून घ्यावे. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तोडीला बंदी आहे. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथील गौण वनउपजावर गावाचा अधिकार असतो. तेव्हा बाहेरून येणाऱ्याने ग्रामसभेची परवानगी घेतलीच पाहिजे. शेताच्या बांधावर किंवा घरामागच्या पडीक जागेत केवण लावून घेणे हा मला सर्वांत निर्वेध मार्ग वाटतो.

सोलणे आणि कुजवणे

धुमारे तोडल्या दिवशीच सोलावेत. जाड टोकाकडून सालीला नखाने किंवा कोयत्याच्या टोकाने चीर द्यावी, दोन बोटांत साल धरावी आणि लाकडाला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश शेंड्याकडे ओढत न्यावी. साल बाहेरच्या दिशेला वर ओढली तर ती निमुळती होत जाऊन मध्येच तुटते. सोललेल्या पट्ट्यांचे बुडखे एका बाजूला आणि शेंडे दुसऱ्या बाजूला ठेवून मनगटाएवढ्या जुड्या सैलसर बांधाव्यात. हा क्रम शेवटपर्यंत मोडू नये. सूत वळताना त्याचा मोठा उपयोग होतो.

सालीतील तंतू चिकट द्रव्याने एकमेकांना जखडलेले असतात. पाण्यात भिजत ठेवल्यावर जिवाणू ते द्रव्य खातात आणि तंतू मोकळे होतात. ताग आणि अंबाडी कुजवताना घडते तेच येथेही घडते. जुड्या पिंपात ठेवून त्यांवर दगड ठेवावा, जेणेकरून एकही पट्टी पाण्याबाहेर राहणार नाही. दर तीन-चार दिवसांनी अर्धे पाणी बदलावे. वाहत्या ओढ्यात किंवा गावतळ्यात साल कुजवू नये, कारण कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पिंपातले उतरलेले पाणी साधे पाणी मिसळून झाडांना घालता येते.

किती दिवस कुजवावे, याचे उत्तर पाण्याच्या उबेवर अवलंबून आहे. पावसाळी हवेत दोन ते तीन आठवडे लागू शकतात, म्हणून दहाव्या दिवसापासून रोज एक पट्टी काढून पाहावी. बाहेरची हिरवट-तपकिरी पापुद्र्यासारखी साल अंगठ्याने घासताच निसटू लागली आणि आतला भाग एकावर एक बसलेल्या पातळ, जाळीदार थरांत सुटू लागला, की त्याच दिवशी सर्व जुड्या बाहेर काढाव्यात. दोन दिवस आधी काढलेली साल पुढे उकळून सुधारता येते. चार दिवस उशिरा काढलेली साल मात्र हातात तुटू लागते आणि तिच्यावर काहीही उपाय नसतो. शंका असेल तेव्हा लवकर काढणेच श्रेयस्कर.

काढलेल्या पट्ट्या स्वच्छ पाण्यात खळबळून, उताराने ठेवलेल्या फळीवर पसरून बांबूच्या चिपेने खरवडाव्यात. चीप नेहमी बुडख्याकडून शेंड्याकडे चालवावी. चिकट बुळबुळीतपणा गेला, की वाख सावलीत दोरीवर वाळत घालावा. या टप्प्यावर तो फिकट, किंचित हिरवट राखी दिसतो.

राखेच्या पाण्यात उकळणे

दोर वळायचा असेल तर एवढी तयारी पुरे. विणण्याचे सूत अधिक मऊ लागते, आणि त्यासाठी वाख राखेच्या पाण्यात उकळावा लागतो. नेपाळच्या डोंगराळ भागात ‘अल्लो’ नावाच्या, अंगाला लागताच आग होणाऱ्या रानवनस्पतीच्या सालीवर हीच प्रक्रिया करतात. तेथे राखेत उकळलेली साल बडवून, धुऊन, वर पांढरी माती चोळतात, म्हणजे तंतू सुटे होतात.

बाभूळ, चिंच अशा टणक लाकडाची चाळलेली राख वाखाच्या कोरड्या वजनाइतकी घ्यावी. भाताच्या तुसाची राख चालत नाही, कारण तिच्यात क्षार थोडा आणि सिलिका फार असते. राख रात्रभर पाण्यात भिजवून वरची निवळ गाळून घ्यावी. बोटांना ती साबणासारखी निसरडी लागली पाहिजे. निवळ लोखंडी, स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात घ्यावी. ॲल्युमिनियमचे भांडे क्षाराने खाल्ले जाते, म्हणून ते टाळावे. वाख बुडेल एवढ्या निवळीत दोन तास मंद उकळावा आणि अधूनमधून काठीने उलटावा. हे पाणी डोळ्यांत उडाले तर इजा होते, त्यामुळे भांड्यावर वाकून काम करू नये आणि मुलांना चुलीपासून दूर ठेवावे.

थंड झालेला वाख पाटीसारख्या सपाट दगडावर ठेवून मोगरीने बडवावा, पाण्यात खळबळावा, पुन्हा बडवावा. जोराने नव्हे, बेताने आणि सर्वत्र सारखे बडवणे महत्त्वाचे आहे. एकाच जागी जोरात बसलेला घाव तंतू चेचून टाकतो. शेवटच्या धुण्यात थोडे चिंचेचे पाणी घातल्याने उरलेला क्षार मारला जातो. नंतर वाख वाळवून दोन्ही हातांनी चोळावा.

सूत वळणे

या संपूर्ण कामाचा गाभा येथे आहे. कापसाप्रमाणे पिंजून, पेळू करून केवणीचे सूत कातण्याची गरज नसते, कारण तिचे तंतू मुळातच हातभर लांब असतात. वाख किंचित ओला करून त्याचे नखाने उभे पदर सोडवावेत. प्रत्येक पदर शिवणाच्या दोऱ्याहून थोडा जाड ठेवावा. सर्व पदर सारख्याच जाडीचे निघणार नाहीत. जाड आणि बारीक असे दोन ढीग करावेत आणि एका सुतासाठी एकाच ढिगातले पदर घ्यावेत.

दोन पदर घेऊन त्यांची टोके एकत्र बांधावीत आणि गाठ डाव्या हातात धरावी. उजव्या मांडीवर एक ओलसर फडके पसरावे आणि त्यावर दोन्ही पदर बोटभर अंतराने ठेवावेत. उजव्या हाताचा तळवा दोन्ही पदरांवरून एकदम मांडीच्या वरच्या भागाकडून गुडघ्याकडे फिरवावा. यामुळे प्रत्येक पदराला स्वतंत्र पीळ बसतो. मग पदर सुटू न देता एकमेकांना चिकटवावेत आणि तळवा उलट, गुडघ्याकडून कमरेकडे फिरवावा. आता दोन्ही पदर एकमेकांभोवती विरुद्ध दिशेने वळतात आणि ही दोन वळणे एकमेकांना सुटू देत नाहीत. तयार झालेले सूत डाव्या हाताने ओढून घ्यावे आणि पुढचा भाग मांडीवर आणावा. ग्रामीण भागात अंबाडीची सुतळी वळताना पाहिलेल्यांना ही हालचाल लगेच ओळखू येईल. फरक एवढाच, की येथे सूत एक मिलिमीटरपेक्षा जाड होऊ द्यायचे नाही.

पदर संपत येतो तिथे जोड द्यावा लागतो, आणि बहुतेकांचे सूत तिथेच बिघडते. गाठ मारू नये. पदर शेंड्याकडे बारीक होऊ लागला, की संपण्याच्या चार बोटे आधीच नव्या पदराचे टोक त्याच्याबरोबर लावून दोन्ही एकत्र वळावेत. जुन्याचा बारीक शेंडा आणि नव्याचा जाड बुडखा एकत्र आले तर जोडावरची जाडी फारशी बदलत नाही. जुड्यांचा क्रम मोडू नये असे वर म्हटले ते याचसाठी. नव्या पदराचा बुडखा नखाने दुभागून निम्मा करून घेतला तर जोड अधिक सफाईदार बसतो. दोन्ही पदरांचे जोड एकाच ठिकाणी कधीही येऊ देऊ नयेत, म्हणून आरंभीच एक पदर दुसऱ्यापेक्षा वीतभर आखूड घ्यावा.

मांडीवर वळलेल्या सुताचा पीळ सैल वाटला तर तो टकळीवर वाढवावा. टकळीची चकती फुटक्या मडक्याच्या खापरीची करता येते : पाच-सहा सेंटीमीटरचा तुकडा खडबडीत दगडावर ओला घासून गोल करावा, मध्यभागी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने टोकदार खिळा फिरवून भोक पाडावे आणि त्यात वीतभराहून थोडी लांब बांबूची गुळगुळीत काडी घट्ट बसवावी. भोक मध्यावर नसेल तर टकळी डुगडुगते आणि पीळ कमीजास्त बसतो. सूत टकळीला गुंडाळून, जो पीळ शेवटी बसला त्याच दिशेने तिला फिरवावे आणि मीटर-दीड मीटर सुताला जास्तीचा पीळ बसला की ते काडीवर गुंडाळावे.

एका पट्ट्याला सव्वादोनशे ते अडीचशे मीटर सूत लागते. नवख्या हाताला तासाभरात पाच-सात मीटर सूत वळता येते, यावरून कामाचा अंदाज बांधावा आणि रोज थोडे थोडे वळावे.

ताण्याला खळ

केवणीचे सूत केसाळ असते. त्याचे बारीक तंतू बाहेर डोकावतात आणि मागावर शेजारच्या धाग्यात अडकतात. यावर घोंगडी विणणाऱ्या धनगर आणि सणगर कारागिरांचा उपाय उत्तम लागू पडतो : चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, भिजवून त्यांची टरफले काढावीत, गर बारीक वाटावा आणि भरपूर पाण्यात शिजवून पातळ खळ करावी. ताण्याचे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचे, सूत दोन खुंट्यांत ताणून त्यावर ही खळ मऊ कुंच्याने एकाच दिशेने लावावी आणि ताणलेल्या स्थितीतच वाळू द्यावी. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, सुताला खळीची गरज नाही.

माग मांडणे

महाराष्ट्रातील घोंगडीचा माग खड्ड्याचा असतो. अरुंद पट्ट्यासाठी मात्र ईशान्य भारतात घरोघरी दिसणारा कमरेचा माग अधिक सोयीचा आहे, कारण त्याला चौकट लागत नाही. एक टोक झाडाला आणि दुसरे विणणाऱ्याच्या कमरेला बांधले की माग तयार होतो.

जमिनीत पावणेदोन मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात आणि त्यांच्या मध्यावर, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, आणखी दोन काठ्या रोवाव्यात. सूत पहिल्या खुंटीपासून निघून पहिल्या काठीच्या डावीकडून, दुसरीच्या उजवीकडून दुसऱ्या खुंटीकडे न्यावे. परतताना दुसऱ्या काठीच्या डावीकडून आणि पहिलीच्या उजवीकडून आणावे. असे पन्नास फेरे झाले की शंभर धाग्यांचा ताणा तयार होतो आणि दोन काठ्यांच्या मध्ये धाग्यांची फुली पडते. ही फुलीच प्रत्येक धाग्याचा क्रम राखते, म्हणून ताणा उचलण्याआधी त्या दोन्ही काठ्यांची टोके दोरीने एकमेकींना बांधून टाकावीत. सर्व फेऱ्यांचा ताण सारखा असावा. गाठ मारण्याची वेळ आलीच, तर ती खुंटीपाशीच मारावी.

आता खुंट्यांच्या जागी दोन मजबूत काठ्या घालाव्यात. एक झाडाला बांधावी. दुसरी गोणपाटाच्या जाड घडीच्या पट्ट्याला दोरीने जोडून तो पट्टा कमरेमागून घ्यावा आणि पाय पसरून बसावे. फुलीच्या पलीकडची काठी काढून तिच्या जागी मनगटाएवढा जाड, गुळगुळीत बांबू सरकवावा. अलीकडच्या काठीवरून जे पन्नास धागे जातात, त्यांतल्या प्रत्येकाखालून सुती दोऱ्याचा फास घेऊन तो वर धरलेल्या एका बारीक काठीला अडकवावा. सर्व फास एकाच उंचीचे हवेत. दोन बोटे रुंदीची एक चीप माप म्हणून मध्ये धरल्यास ते साधते. फास पुरे झाले की अलीकडची काठी काढून घ्यावी.

विणणे

जाड बांबू फासांजवळ ओढला की एक फट उघडते. फासांच्या अलीकडे तीत लाकडी पट्टी घालून ती कडेवर उभी करावी, कांडीवर गुंडाळलेला बाणा त्या फटीतून पलीकडे काढावा, पट्टी आडवी करून बाणा जोराने स्वतःकडे ठोकावा. दुसऱ्या फटीसाठी बांबू दूर लोटावा, किंचित पुढे झुकून ताण सैल करावा आणि फासांची काठी वर उचलावी. केसाळ धागे इथे एकमेकांना धरून बसतात. काठी तशीच धरून दुसऱ्या हाताची बोटे ताण्यावरून तारा छेडल्याप्रमाणे फिरवली म्हणजे ते सुटतात. फट स्वच्छ उघडल्याशिवाय पट्टी आत घालू नये, नाहीतर धागे तुटतात. ठोकण्याची पट्टी शिसम किंवा खैरासारख्या जड लाकडाची, तीन बोटे रुंद आणि एका कडेला पातळ केलेली असावी.

बाणा ओढताना पट्ट्याच्या कडा आत जातील एवढा घट्ट ओढावा, म्हणजे ताण्याचे धागे एकमेकांना चिकटून बसतात आणि बाणा जवळजवळ दिसेनासा होतो. पहिल्या चार बोटांत जी रुंदी बसली ती पुढे टिकवावी. त्यासाठी त्याच मापाची बांबूची काडी जवळ ठेवून वारंवार ताडून पाहावी.

खोडातून निघणारे तंतू ओले असताना अधिक बळकट असतात आणि कोरड्या हवेत ठिसूळ होतात. त्यामुळे केवणीचा पट्टा चैत्र-वैशाखाच्या दुपारी विणू नये. पावसाळ्यात किंवा सकाळच्या दमट हवेत बसावे, बाण्याची कांडी ओल्या फडक्यात ठेवावी आणि ताण्यावर मधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. फार पाणी मारले तर खळ सुटते. ताण्याचा धागा तुटलाच तर नव्या सुताचा तुकडा मागील विणीत दोन बोटे टाचून पुढच्या टोकाला बांधावा आणि गाठ विणीच्या जवळ येईल तेव्हा सोडवून तुटका धागा परत आत घ्यावा.

झाडाकडचा शेवटचा वीत-दीड वीत भाग विणता येत नाही, कारण तिथे फट उघडत नाही. तो कापून त्याच्या चार-चार धाग्यांच्या वेण्या घालाव्यात, त्याच पट्ट्याचे गोंडे होतात.

तयार पट्टा कोमट पाण्यात भिजवून खळ काढून टाकावी, ओला असतानाच मोगरीने हलके बडवावा आणि ताणून वाळवावा. सुरुवातीला तो ताठ वाटतो. वापराने आणि धुण्याने मऊ पडत जातो. रंग द्यायचा असल्यास हिरड्याच्या काढ्यात रात्रभर भिजवून नंतर गंजलेले खिळे टाकून ठेवलेल्या पाण्यात बुडवल्यास गडद काळा येतो. पण लोहामुळे तंतू काही वर्षांत कमजोर होतो, म्हणून ओझे पेलणाऱ्या पट्ट्याला हा रंग देऊ नये, आणि द्यायचाच असेल तर कडेच्या दोन-चार धाग्यांपुरता, ताणा मांडण्यापूर्वीच सुताला द्यावा.